भरतसरांचं ठाम विधान

भरत मढवी यांनी उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घालून जिंकल्याचं कुणाला आठवत नाही. हरल्याचंही आठवत नाही. वाद रंगात येईपर्यंत ते मनानं भलतीकडेच निघून गेलेले असत. भाजीवालीनं "कोथिंबीर देऊ का पुदिना?" असं विचारलं, तरी ते तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत "बघूया" म्हणायचे. "या रविवारी वज्रेश्वरीला जायचं का?" या बायकोच्या प्रश्नालाही गेली कित्येक वर्षं "बघूया" हेच उत्तर होतं. वज्रेश्वरीचं गरम पाणी अजून बघायचंच होतं.

अशा माणसाला ठाम बोलण्याच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं, यात शिक्षण खात्याची काही चूक नव्हती. शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापक किशन पाटील यांनी विचारलं, "ठाण्याला 'ठाम विधान व पुराव्यानिशी परिच्छेदलेखन' या विषयाचं प्रशिक्षण आहे, कोण जातंय?" त्याबरोबर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. भरतसर तेवढे खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे त्यांची मान वरच राहिली.

पण ठाण्याच्या त्या कोंदट सभागृहात विपरीत घडलं. तिथल्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "परिच्छेदाच्या माथ्यावर असं एक वाक्य पाहिजे, की ते ऐकून समोरचा 'छे, मुळीच नाही!' असं म्हणू शकेल. ज्याला कुणी विरोधच करणार नाही ते विधान नव्हे, ती डुलकी." हे वाक्य भरतसरांच्या काळजात जाऊन बसलं. दुपारी पानात काय वाढलं होतं ते त्यांना आजही सांगता येणार नाही.

परतताना रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसल्या बसल्या त्यांना स्वप्न पडू लागलं. सगळा भिवंडी तालुका ठाम बोलू लागला होता. एसटी स्टँडवर एक म्हातारी म्हणत होती, "माझं विधान असं, की ही गाडी आज सुटणार न्हाय." कंडक्टर नम्रपणे विचारत होता, "आजी, पुरावा?" म्हातारी बोटानं ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे दाखवत होती. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. रस्त्यातले खड्डे तेवढे होते तसेच होते. स्वप्नात असले तरी भरतसर भिवंडीचेच होते.

निजामपुऱ्यातल्या घरी पोचले तेव्हा समोरच्या कापड विणणाऱ्या लूमची खटखट नेहमीच्या तालात चालू होती. सुवर्णानं चहा पुढे ठेवला. "मग? काय शिकवलं?"

"ठाम बोलायला."

"बरं झालं. उद्या डब्याला भेंडी देऊ का वांगं?"

भरतसरांनी तोंड उघडलं. भेंडीच्या बाजूनं काही पुरावे होते, वांग्याच्या बाजूनंही होते. बराच वेळ गेला. दुसऱ्या दिवशी डब्यात बटाटा निघाला.

त्यांची शाळा खारबावला. नववीच्या वर्गाला एक खिडकी होती, आणि तिच्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. घरच्या खिडकीतून भरतसरांना लूमच्या शेडची भिंत दिसायची आणि त्या भिंतीवर पाण्याचा एक डाग. शाळेतल्या खिडकीतून मात्र भातखाचरं, त्यापलीकडे रेल्वेचा रूळ, त्यापलीकडे तिवरांची काळपट हिरवी रेघ आणि सगळ्यात शेवटी चमकणारा खाडीचा तुकडा दिसायचा. भरती आली की तो तुकडा फुगायचा, ओहोटीला नुसता चिखल उरायचा आणि त्या चिखलावर बगळे येऊन उभे राहायचे. मधूनच निळ्यालाल डब्यांची मालगाडी इतकी सावकाश जायची, की ती जातेय का आपला वर्गच उलट्या दिशेनं निघालाय, असं वाटावं. धडा वाचता वाचता सरांची नजर तिकडे जायची. वाक्य अर्ध्यावर थांबायचं. मग ते परत येईपर्यंत वर्गात फार छान शांतता असायची. आपल्या तासाला मुलं किती शांत बसतात, याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

प्रशिक्षणानंतरच्या पहिल्याच तासाला त्यांनी जुना विषय दिला, 'मोबाईल : शाप की वरदान'. सगळ्या वर्गानं एकमुखानं लिहिलं, की मोबाईल शापही आहे आणि वरदानही आहे, आपण त्याचा योग्य वापर केला पाहिजे. सागर नावाच्या मुलानं शेवटी 'झाडे लावा' असंही लिहिलं होतं.

"ही डुलकी आहे!" सर म्हणाले. "याला कोण विरोध करणार? सागर, मला सांग, आपल्या शाळेत सगळ्यात चांगलं काय आहे?"

"सगळंच चांगलं आहे, सर."

"असं कसं? कुणी 'छे' म्हणालं पाहिजे."

"कोण म्हणणार, सर? पाटीलसर शेजारच्याच खोलीत आहेत."

मग भरतसरांनी फळ्यावर लिहून समजावलं. 'असं म्हणतात' हा पुरावा नाही. 'सर्वांना माहीतच आहे' हाही नाही. आपण पाहिलेलं, ऐकलेलं, पडताळलेलं, तो पुरावा. तो नुसता आणून टाकायचा नाही, विधानाला कसा धरून आहे तेही सांगायचं. आणि विरोधक काय म्हणेल ते आपणच आधी लिहून त्याला उत्तर द्यायचं. "घाबरायचं नाही. खरं असेल तर लिहा," असं म्हणून त्यांनी विषय दिला, 'आपल्या शाळेतील सर्वांत उपयोगी गोष्ट'. हे सांगत असताना त्यांनी एकदाही खिडकीकडे बघितलं नाही, आणि मुलं जरा अस्वस्थ झाली.

वह्या तपासायला घेतल्या तेव्हा तेच ते सुरू झालं. वाचनालय उपयोगी आहे, कारण ते उपयोगी आहे. मग सखीची वही आली. सखी डोंगराकडच्या पाड्यावरून यायची. पहिली एसटी पकडून येणारी, फारसं न बोलणारी, सगळ्यांकडे टक लावून बघणारी मुलगी. तिनं लिहिलं होतं :

'आमच्या शाळेतील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे भरतसरांचा मराठीचा तास होय. कारण सर धडा वाचता वाचता थांबतात व खिडकीतून बाहेर बघत राहतात. पहिला पुरावा : त्या वेळात आम्ही गणिताचा गृहपाठ पूर्ण करतो. एरवी गणिताच्या रीमा मॅडम गृहपाठासाठी कोणालाही उभे करत नाहीत, पण सर प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा अर्धा वर्ग उभा होता. दुसरा पुरावा : जी मुले पहाटे पाणी भरून येतात ती बाकावर डोके टेकतात. पुढच्या तासाला त्यांना झोप येत नाही. कोणी म्हणेल की यामुळे मराठी मागे पडते. परंतु सर भानावर आले की बाहेर काय दिसले ते आम्हाला सांगतात, व ते धड्यापेक्षा जास्त लक्षात राहते. म्हणून हा तास दिवसातून दोनदा असावा.'

भरतसर खुर्चीत ताठ बसले. विधान ठाम. पुरावे डोळ्यांनी पाहिलेले. विरोधकाला उत्तरसुद्धा! ठाण्याच्या बाईंनाही इतकं जमलं नसतं. लाल पेनानं त्यांनी ओळीओळीला बरोबरच्या खुणा केल्या, पैकीच्या पैकी गुण दिले, आणि 'भानावर आले की' या शब्दांवर शाबासकीची खूण करता करता त्यांचा हात थांबला. हे सर म्हणजे आपणच, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटायलाही धड जागा नव्हती, कारण मुलीनं स्तुतीच केली होती. निंदेचा निषेध तरी करता येतो.

सगळ्यात चांगला परिच्छेद व्हरांड्यातल्या फलकावर लावायचा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. हा अर्थातच लावायचा नाही, दुसऱ्या नंबरचा लावू, असं ठरवून भरतसर वह्यांतून काढलेले दोन्ही कागद घेऊन फलकापाशी उभे राहिले. तेवढ्यात समोरच्या खाचरातून बगळ्यांचा थवा उठला आणि खाडीकडे वळताना एका क्षणी उन्हात सगळा एकदम पांढराशुभ्र झाला. थवा दिसेनासा झाला तेव्हा कागदाला पिन टोचून झाली होती. उरलेला कागद घडी करून खिशात घालत सर घरी गेले. तो दुसऱ्या नंबरचा होता.

संध्याकाळी सुवर्णानं मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. कुणीतरी फलकाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तो खारबावभर फिरून निजामपुऱ्यात येऊन पोचला होता.

"अहो, हे तुम्हीच ना?"

"नाव लिहिलंय की."

"नाव वाचायच्या आधीच ओळखलं मी. नजर पहिल्यांदा खिडकीवरच गेली ना."

दुसऱ्या दिवशी शाळेत रीमा मॅडम वाट बघत होत्या. गृहपाठात मागे न राहणारा वर्ग घडवल्याबद्दल तालुक्यात त्यांचा सत्कार झाला होता, नारळ आणि शाल मिळाली होती. "सर, माझी मुलं गृहपाठ घरी करतात," त्या म्हणाल्या.

"असेलही, मॅडम."

"मग तिनं असं कसं लिहिलं?"

"पुराव्यानिशी लिहिलंय, मॅडम," भरतसर म्हणाले. त्यांना केवळ परिच्छेदाचं कौतुक करायचं होतं. पण त्या एका शब्दानं भडका उडाला. मॅडमनी लेखी तक्रार केली, आणि तक्रार वर गेली. मुख्याध्यापक पाटीलसर निवृत्तीला टेकलेले, त्यांना शांतता हवी होती. त्यांनी ठरवलं, की सखीनं सर्वांसमोर माफी मागावी, वडिलांना घेऊन यावं, म्हणजे प्रकरण मिटेल. तोवर तालुक्याच्या कार्यालयातून पत्रही आलं : 'वर्गात अध्यापनाऐवजी बाहेर पाहण्याबाबत खुलासा सादर करावा.'

खुलासा म्हटल्यावर निजामपुऱ्यातली सगळी इमारत मदतीला धावली. समोरच्या लूमचा मुकादम म्हणाला, "सरजी, बोल दो मोतीबिंदू है. डॉक्टरने हराभरा देखने को बोला है." पण या विषयातले खरे जाणकार म्हणजे वरच्या मजल्यावरचे तुळशीराम टावरे. कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेले. चष्मा लावून त्यांनी पत्र वाचलं आणि आनंदानं मांडीवर थाप मारली.

"मास्तर, सुटलात! हे पत्र तुम्हाला आलेलंच नाय. बघा, 'भारत मढवी' लिहिलंय. तुम्ही भरत. आधी नाव दुरुस्त करून आणा, तोवर प्रकरण थंड होतंय."

भरतसर कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, दुरुस्तीचा अर्ज ज्याच्या नावानं पत्र आहे त्यानंच करायचा. म्हणजे भारतनं. भारत नावाचे कुणी शिक्षक नाहीत, असं सर म्हणाले. तर मग तसा दाखला मुख्याध्यापकांकडून आणायचा, आणि त्याला भारत यांची हरकत नाही असं भारत यांच्या सहीचं पत्र जोडायचं. भरतसर पंख्याखालच्या बाकावर बसले. या भारत मढवीचा त्यांना हळूहळू हेवा वाटू लागला. तो असता तर आत्ता खाडीकाठी कुठंतरी तिवरांच्या सावलीत पडून राहिला असता. त्याला शोधत सगळी पत्रं गेली असती आणि चिखलात रुतून बसली असती. कार्यालय बंद करायची वेळ झाली तेव्हा शिपायानं त्यांना हलवून उठवलं.

शेवटी टावरेकाकांनीच खुलासा सांगितला आणि भरतसरांनी लिहून घेतला. 'सदर बाब सर्वस्वी नाकारता येत नसली तरी ती पूर्णांशाने मान्य आहे असेही म्हणता येणार नाही' अशी सुरुवात होती आणि पुढे पानंच्या पानं तेच होतं.

"काका, पण यात मी म्हणतोय काय?"

"काहीच नाय! खुलासा वाचून साहेबाला झोप आली पायजे. जाग आली तर खुलासा फसला."

भरतसरांना ठाण्याच्या बाई आठवल्या. पण कागद त्यांनी खिशात ठेवला.

चौकशीच्या दिवशी ते शाळेत शिरले तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर सखीचे वडील नवशा उकिडवे बसले होते. गोदामातलं मजुरीचं काम बुडवून आले होते. शेजारी सखी, दप्तर पोटाशी घट्ट धरून. भरतसरांना बघून नवशा उठले.

"गुरुजी, पोरीनं कायतरी लिवलं म्हनं. आमाला वाचता येत न्हाय. माफी मागंल ती, पाया पडंल. आन् उद्यापासून पाठवत न्हाय तिला. आईसंगं कामावर जाईल. लय शिकली म्हनून असं झालं."

"तिचं काही..." सर म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे वाक्य अर्ध्यावर राहिलं. सखी त्यांच्याकडे बघत होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमीच बोललेलात, खरं असंल तर लिवा."

आत तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी बसले होते. दमलेले, घामाघूम. रीमा मॅडम बोलल्या, पाटीलसर बोलले, पुन्हा मॅडम बोलल्या. अधिकाऱ्यांनी रुमालानं मान पुसली आणि वळून म्हणाले, "मढवी, मला अजून दोन शाळा आहेत. तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगा."

भरतसरांनी खुलासा बाहेर काढला. एवढ्या पानांत एकही वाक्य संपत नव्हतं. त्या खोलीलाही खिडकी होती, खाडी तिथूनही दिसत होती, भरतीची वेळ होती. पण दुसऱ्या बाजूला दार होतं, आणि दारातून दप्तराचा एक कोपरा दिसत होता. शाळेत येताना दप्तर पाठीला असतं. असं पोटाशी धरलेलं दप्तर परत न येण्याच्या तयारीतलं असतं, हे त्यांना एकदम समजलं. भरतसर दाराकडे बघत राहिले. त्यांनी कागदांची घडी घातली.

"सखीचा परिच्छेद बरोबर आहे," ते म्हणाले, "आणि तिनं माफी मागायची नाही."

"छे, मुळीच नाही!" रीमा मॅडम कडाडल्या.

भरतसरांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की अधिकारी चपापले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाक्याला विरोध झाला होता. विधान ठाम निघालं होतं!

"मॅडम," ते विलक्षण प्रेमानं म्हणाले, "मी ठाण्याला होतो तेव्हा गृहपाठासाठी किती मुलं उभी होती?"

मॅडमनी पदर सावरला. "तेव्हा... पावसामुळे..."

"डिसेंबर होता, मॅडम."

पाटीलसर खोकले. मॅडम टेबलावरच्या पेपरवेटकडे बघू लागल्या. त्या बाई खोट्या नव्हत्या, त्यांची सत्काराची शाल फक्त घसरू लागली होती.

"आता कुणी म्हणेल, की मग चूक कुणाची," भरतसर पुढे म्हणाले. "माझी. मी बाहेर बघतो. ती शिक्षा मला द्या. पण जे आम्ही शिकवलं तेच तिनं केलंय, तेही आमच्यापेक्षा चांगलं. त्यासाठी तिला माफी मागायला लावली, तर उद्यापासून फळ्यावर मी काय लिहू?"

अधिकाऱ्यांनी परिच्छेद मागवून घेतला आणि पहिल्यांदाच वाचला. 'हा तास दिवसातून दोनदा असावा' इथं त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "माफीबिफी काही नको," ते म्हणाले. "मढवींना तोंडी समज दिलेली आहे. आणि यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवा." एवढं बोलून ते पुढच्या शाळेला निघाले. खुलासा कुणी मागितलाच नाही.

भरतसर बाहेर आले. नवशा पुन्हा उठून उभे राहिले.

"पोरीचं चुकलं न्हाय?"

"नाही. वर्गात सगळ्यात चांगलं तिनंच लिहिलं."

"मंग मला कशाला बोलावलं? खाडा झाला ना माजा."

"चुकलं आमचं," सर म्हणाले.

नवशांनी लेकीकडे पाहिलं. "म्हंजे... पाठवू तिला शाळेत?"

"पाठवायची," भरतसर म्हणाले. "उद्यापासून. रोज."

सखीनं दप्तर पाठीला लावलं.

त्यानंतर भरतसर खिडकीकडे पाठ करून शिकवू लागले. एकही वाक्य अर्ध्यावर थांबेना. अलंकार झाले, समास झाले, अभ्यासक्रम पुढे धावू लागला आणि मुलं धापा टाकत मागून येऊ लागली. पहाटे उठलेली पोरं विज्ञानाच्या तासाला पेंगू लागली. सरांचा स्वतःचा चेहरा खिडकी बंद केलेल्या खोलीसारखा झाला. सुवर्णा म्हणाली, "अहो, हल्ली तुम्ही मी बोलते ते सगळं ऐकता. मला भीती वाटते." आणि एक रविवार तिनं न विचारताच ठरवून टाकला. वज्रेश्वरीला दोघं जाऊन आली. पाणी खरोखरच गरम होतं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत रीमा मॅडम त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आज गणिताला अर्धा वर्ग उभा होता. कालही होता. आणि येत्या गुरुवारी गणिताच्या वह्यांची तपासणी होती.

"सर, जरा बोलायचं होतं." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "म्हणजे, तसं काही नाही. पण एखाद्या वेळेस, म्हणजे तुम्हाला वाटलं तर..."

"मॅडम, एका वाक्यात सांगा."

मॅडमनी दीर्घ श्वास घेतला. "गुरुवारी तुम्ही खिडकीबाहेर बघावं."

भरतसर त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्याबद्दल इतकं ठाम आजवर कुणीच बोललं नव्हतं. पुरावा मागायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण मॅडमच्या हातातला अपूर्ण वह्यांचा गठ्ठा बघून त्यांनी ते गिळलं.

गुरुवार आला. कवितेच्या दुसऱ्या ओळीवर सर थांबले आणि खुर्ची वळवली. मागे बाकांवर कंपासपेट्या हळूच उघडल्या, कुणीतरी डोकं टेकलं. भरती पूर्ण चढली होती. खाडीच्या मधोमध एक होडी होती आणि तिच्यात कुणीच नव्हतं. ती वाहत नव्हती, बांधलेलीही दिसत नव्हती, नुसती उजेडात उभी होती.

बऱ्याच वेळानं त्यांना जाणवलं, की शेजारी कुणीतरी उभं आहे. सखी होती. तिचा गृहपाठ झाला होता.

"सर, ती कुणाची हाय?"

"कुणास ठाऊक," भरतसर म्हणाले. "तुला काय वाटतं?"

सखीनं बराच विचार केला. घंटा व्हायला अजून अवकाश होता. दोघं तिकडे बघत राहिले.